पाणी नुसतंच उभं होतं

६ नोव्हेंबर, गुरुवार

चालला बाई एकदाचा. दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी माझा प्रोग्राम कुठेही न अडता शेवटपर्यंत गेला. दोन वर्षं हात धुऊन त्याच्या मागे लागले होते. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला सांगितलं, तर मान वर न करता म्हणाला, "वा. मग कॉफी कधी?" आमच्या धंद्यात कौतुक म्हणतात ते एवढंच.

घरी आल्यावर नवऱ्याला समजावून सांगितलं. तो शाळेत चित्रकला शिकवतो, त्यामुळे त्याला डोंगर काढून दाखवावे लागतात. रेणू एका दरीत स्वस्थ बसलेला असतो. त्याला रूप बदलायचं तर शेजारच्या दरीत जायला हवं, आणि मध्ये डोंगर. डोंगर ओलांडायला सगळ्यांत कमी चढाची जागा कोणती, ती खिंड शोधायची. दरीचा तळ सापडणं सोपं, उतार दिसेल तिकडे चालत राहिलं की झालं. खिंड अवघड, कारण तिथे एका दिशेनं चढायचं असतं आणि बाकी सगळ्या दिशांनी उतरायचं, तेही एकाच वेळी. माझा प्रोग्राम या दरीपासून त्या दरीपर्यंत मण्यांची माळ टांगतो आणि मणी सरकवत सरकवत ती खिंडीवर आणून बसवतो. खिंड किती उंच ते कळलं की फेरफार मिनिटात होणार, महिन्यात होणार की कधीच नाही, ते सांगता येतं.

"म्हणजे तू खुर्चीत बसून डोंगर चढतेस," नवरा म्हणाला.

आता लेखासाठी एखादं नवं उदाहरण हवं. जुनी उदाहरणं सगळ्यांनी चावून चोथा केलेली आहेत. आणि ते उदाहरण आज जेवणाच्या ताटावरच मिळालं. बाबांनी त्यांची ती हौदाची गोष्ट शंभराव्यांदा सांगितली.

बाबा रंगाच्या कारखान्यात एकतीस वर्षं होते. आई मार्चमध्ये गेली, तेव्हापासून आमच्याकडे राहतात. गोष्ट अशी: अडतीस वर्षांपूर्वी यंत्रं दुरुस्तीला काढली म्हणून कारखाना चार दिवस बंद होता. पाण्यात कालवलेल्या पिवळ्या रंगाचा एक हौद भरलेला राहिला. त्यावर लक्ष ठेवायला दोघंच, बाबा आणि त्यांचा जोडीदार पैलवान. (हा माणूस अंगानं काडी आहे. कारखान्यानं नाव ठेवलं ते चिकटलं.) पहिल्या दिवशी पैलवान तिथे बादल्या धूत होता. चौथ्या दिवशी सकाळी बघतात तर हौद लाल. साहेब म्हणाला, पैलवानाच्या बादलीत आम्ल होतं, त्यानं ते हौदात सांडलं, त्याला घरी पाठवा. तेव्हा बाबा पुढे झाले आणि म्हणाले, "मी सगळा वेळ तिथे होतो. कोणी काही टाकलं नाही. रंग आपोआप फिरला." बाबांच्या तोंडून कधी खोटं निघत नाही, हे साहेबालाही ठाऊक होतं. पैलवानाची नोकरी राहिली.

"बाबा, पोत्यावर रंगाचं नाव काय होतं?" मी विचारलं. त्यांनी दीड ओळीचं रासायनिक नाव घडाघडा म्हणून दाखवलं. मी चकितच झाले. मग म्हटलं, "बघू या आपण, आपोआप फिरतो का ते." बाबांचा चेहरा असा काही खुलला, की आई गेल्यापासून तसा पाहिला नव्हता.

९ नोव्हेंबर, रविवार

माळेची दोन्ही टोकं तयार. पिवळ्याचा रेणू काढायला अख्खी सकाळ गेली. शेजारी पाण्याचा एक रेणूही ठेवला, हौद पाण्याचा होता ना. लाल व्हायला एका हायड्रोजननं नायट्रोजनवरून उठून पलीकडच्या ऑक्सिजनवर जाऊन बसायचं, एवढंच. तेव्हा पिवळ्याचीच फाइल घेतली, तो हायड्रोजन माउसनं उचलून पलीकडे ठेवला, पाण्याला हातसुद्धा लावला नाही. पाच मिनिटांत लाल तयार. बाबा खुर्ची ओढून मागे बसले होते. "एवढ्याशा बदलानं रंग फिरतो?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, एवढ्याशानंच फिरतो.

दहा वाजता पैलवानाचा नेहमीचा फोन आला. दर रविवारी येतो, आणि चाळीस मिनिटं दोघं ओरडून बोलतात, कारण दोघांनाही वाटतं की दुसऱ्याला कमी ऐकू येतं. बाबा त्याला सांगत होते, "माझी मास्तरीण आपल्या हौदाचा तपास लावतेय." लहानपणापासून मी सगळ्यांच्या चुका काढते म्हणून मला मास्तरीण म्हणतात.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आकडा आला. खिंडीची उंची सेहेचाळीस किलोकॅलरी.

सगळ्या तपासण्या केल्या. खिंडीवर एक आणि एकच दिशा उतरती असायला हवी, तशी आहे. तिथून दोन्ही बाजूंनी सोडून पाहिलं, तर एकीकडे पिवळा मिळतो, दुसरीकडे लाल. काही म्हणता काही चुकलेलं नाही. प्रोग्रामनं काम चोख बजावलं.

पण सेहेचाळीस म्हणजे फारच उंच. नेहमीच्या हवेत हा चढ चढायला त्या रंगाला विश्वाच्या वयापेक्षा जास्त वेळ लागेल. चार दिवसांत तर नावच नको.

चहा घेताना बाबांना सांगितलं. विश्वाच्या वयाचा विनोदही केला. बाबा हसले नाहीत. कप खाली ठेवून म्हणाले, "म्हणजे कोणीतरी काहीतरी टाकलं असणार."

"हो. आम्लाचे चार थेंब पुरतात."

"तुझं यंत्र चुकत नाही?"

"यंत्र नाही चुकत बाबा. माणसाची आठवण चुकते. अडतीस वर्षं झाली, गोष्ट सांगता सांगता बदलते."

"असेल," म्हणाले आणि कप विसळायला घेऊन गेले. समजूतदार आहेत. दुसरा कोणी असता तर वाद घालत बसला असता.

उदाहरण म्हणून उलट हे जास्तच छान झालं. लेखात लिहिता येईल, एका जुन्या ऐकीव हकिकतीचा निकाल गणितानं लावला.

२३ नोव्हेंबर, रविवार

पैलवानाचा फोन आला तेव्हा बाबांनी हातानं खूण केली, झोपलोय म्हणून सांग. मागच्या रविवारीही असंच. मी सांगितलं. खोटं बोलायला लावलं म्हणून मी वैतागले, पण खरं सांगायचं तर सकाळ शांत गेली आणि लेखाचा दुसरा भाग पूर्ण झाला.

२ डिसेंबर, मंगळवार

बाबांच्या खोलीत चिठ्ठ्या दिसतात हल्ली. "दिवा बंद केला." "गोळी घेतली, सकाळची." "दाराला कडी लावली." खाली वेळ आणि सही. मला वाटलं गंमत करतायत, तर नाही. गॅस बंद आहे का ते बघायला तीनदा उठतात.

आज भाजी निवडताना मध्येच विचारलं, "तुझी आई गेली तेव्हा मी खोलीत होतो ना?"

"होतात की. तुमच्याच हातात तिचा हात होता."

"तू पाहिलंस? की मी सांगितलं म्हणून म्हणतेस?"

मी पाहिलं होतं. तसं सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि परत शेंगा सोलायला लागले. मला पुढची भाजी दिसेना. वय झालं म्हणजे असं होतं, सगळे म्हणतात. माझे बाबा त्या सगळ्यांत कधी गेले, ते कळलंच नाही.

११ डिसेंबर, गुरुवार

डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी घड्याळ काढायला लावलं, शंभरातून सात सात वजा करायला लावले, पाच शब्द लक्षात ठेवायला सांगितले. तीसपैकी अठ्ठावीस. मला किती मिळतील कोण जाणे.

मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "हे विसरत नाहीयेत. हे घाबरलेत. काही झालंय का घरात?"

मी म्हटलं, आई गेली. त्या म्हणाल्या, त्याला नऊ महिने झाले, हे अलीकडचं दिसतंय. डॉक्टर लोकांना उगाच गूढ बोलायची सवय असते. मला आकड्यात सांगा म्हणावं काय ते.

१९ डिसेंबर, शुक्रवार

आज बाबांनी बाँब टाकला. शहराबाहेर वयस्कर माणसांसाठी एक निवास आहे, चोवीस तास देखरेख, जिथे तिथे नर्स. तिथे त्यांनी स्वतः फोन करून खोली ठरवली. एक फेब्रुवारीपासून. ताईलाही परस्पर कळवलं. ताई दूर राहते, तिला वाटलं मीच त्यांना घालवतेय, त्यामुळे तिची बोलणी खाल्ली ती वेगळीच.

"आमचं काही चुकलं का?" मी विचारलं.

"तुमचं कशाला चुकेल. माझंच डोकं भरवशाचं राहिलं नाही. उद्या गॅस चालू ठेवीन, आणि शपथेवर सांगेन की मीच बंद केला. तुम्ही दोघं कामाला जाता. नको ते."

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या..."

"त्यांना काय माहीत. त्यांनी कालच्या गोष्टी विचारल्या. जुनं कुठे विचारलं?"

घराची किल्ली त्यांनी टेबलावर ठेवली. ऑफिसात जाऊन बाथरूममध्ये रडले. पस्तिशीतल्या दोघी केस नीट करत होत्या, त्यांना म्हटलं सर्दी आहे.

४ जानेवारी, रविवार

आज भांडण. बाबा झोपल्यावर मी नवऱ्याला म्हटलं, समजत नाही यांना झालंय तरी काय. तो ब्रश धूत होता. म्हणाला, "तुला खरंच समजत नाही?"

"काय?"

"तू तो आकडा सांगितलास ना, त्या संध्याकाळपासून हे चाललंय."

मी उसळले. म्हटलं, मग खोटं सांगायचं होतं का? शास्त्र आहे ते, लाडीगोडी नाही. तो शांतपणे म्हणाला, "मी कुठे म्हटलं खोटं सांग. एवढंच म्हणतो, त्या माणसाला आयुष्यात एका गोष्टीची पक्की खात्री होती, की मी तिथे होतो आणि मी पाहिलं. ती तू काढून घेतलीस. आता त्याला बाकीचं तरी कशावरून खरं वाटावं?"

मी वही घेऊन बसले. चिठ्ठ्या कधी सुरू झाल्या ते मागची पानं उलटून पाहिलं. फोन कधीपासून टाळतायत तेही पाहिलं. सगळं माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधण्यात माझा जन्म गेला.

७ जानेवारी, बुधवार

ठरवलं की बाबांना नीट समजावून सांगायचं. यात तुमच्या डोक्याचा दोष नाही, अशी चूक कोणाचीही होते. लॅपटॉप घेऊन बसले आणि खिंडीची फिल्मच दाखवली. हायड्रोजन नायट्रोजनवरून सुटतो, लांबलचक वळसा घेऊन, धापा टाकत पलीकडे पोचतो. बाबांनी चष्मा लावून तीनदा पाहिलं. मग पडद्यावर बोट ठेवलं.

"हे काय?"

"ते पाणी."

"ते नुसतंच उभं का आहे?"

"म्हणजे?"

"नाही, हा बिचारा एवढा वळसा घालून जातोय आणि पाणी शेजारी हात बांधून बघत उभं. पाण्यात आम्ही तीस वर्षं रंग कालवले. पाणी असं स्वस्थ बसत नाही कधी."

मी म्हटलं, "बाबा, प्रोग्रामनं सगळ्यांना हलायची मोकळीक दिली होती. पाण्याला हलायचं असतं तर ते हललं असतं." जरा चिडूनच म्हटलं. त्यांनी लगेच माघार घेतली. "बरोबर आहे. मला काय कळतं त्यातलं." आणि चष्मा काढून ठेवला. समजूत घालायला गेले आणि वर मीठ चोळून आले.

९ जानेवारी, शुक्रवार

बसमध्ये उभी असताना एकदम लक्षात आलं. पुढच्या थांब्याला उतरून चालत ऑफिस गाठलं.

पाण्याला मोकळीक होतीच कुठे. मीच ती काढून घेतली होती.

आपल्या दृष्टीनं सगळे हायड्रोजन सारखे. फाइलमध्ये मात्र प्रत्येकाला नंबर असतो, आणि माळेच्या या टोकाचा एकोणीस नंबर त्या टोकाच्या एकोणीस नंबरापर्यंत पोचलाच पाहिजे, असा नियम. मी लाल करताना तोच एकोणीस नंबर उचलून पलीकडे ठेवला होता. म्हणजे मी प्रोग्रामला निक्षून सांगितलं होतं, की या हायड्रोजननं स्वतःच्या पायांनीच जायचं. बिचाऱ्यानं सांगितलं तसं केलं.

खरं पाणी काय करतं? नायट्रोजनकडून एकोणीस नंबर घेतं आणि स्वतःजवळचा सत्तावीस नंबर पलीकडे देऊन टाकतं. बांधकामावर घमेली हातोहात देतात तसं. कोणी एक माणूस घमेलं घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत नाही. लाल रेणू शेवटी तसाच दिसतो, पाणीही तसंच दिसतं, फक्त नंबरांची अदलाबदल झालेली असते. मी ती केली नाही. पाच मिनिटांत काम उरकल्याचा अभिमान तेवढा वहीत लिहून ठेवला आहे.

माझी खिंड खोटी नव्हती. ती खरोखर तिथे आहे. फक्त तीच एक वाट आहे असं मी धरून चालले, आणि तपासण्यांनीही मला तेवढंच सांगितलं, कारण मी तेवढंच विचारलं होतं.

नंबर बदलले, माळ पुन्हा टांगली, काम मशीनवर सोडलं. बाबांना काही सांगितलेलं नाही. एकदा घाईनं सांगून झालं आहे.

११ जानेवारी, रविवार

मणी सरकतायत. मोबाइलवरून दर तासाला बघते. दोनदा माळ मध्येच पिळवटली, पुन्हा सोडावी लागली. नवरा म्हणतो, दूध उतू जाईल म्हणून बघत बसल्यासारखी बसली आहेस.

खरं लिहायचं तर भीती वाटते. आकडा चाळिसाच्या वरच आला तर? चूक माझी असेल, पण रंग तरीही आपोआप फिरलेला नसेल. मग बाबांना काय सांगू? आयुष्यात पहिल्यांदा मला एखादं उत्तर आधीपासून हवं आहे. असं हवं असणं आमच्यात पाप समजतात. म्हणून तपासण्यांची यादी आधीच लिहून ठेवली, आणि ती नवऱ्याकडे दिली, म्हणजे मला तिच्यातलं काही गाळता येणार नाही.

१४ जानेवारी, बुधवार

पंचवीस.

यादीतलं सगळं केलं. दोनदा केलं. मग शेजारच्या सहकाऱ्याला काही न सांगता त्याच्याकडून वेगळ्या पद्धतीनं करून घेतलं. त्याचेही पंचवीस. हिशोब मांडला तर नेहमीच्या हवेत अर्धा हौद फिरायला अडीच-तीन दिवस लागतात. कारखाना चार दिवस बंद होता.

अर्धी रजा टाकून घरी आले. बाबा खिडकीशी बसून निवासाला न्यायच्या सामानाची यादी करत होते. त्यांच्यासमोर खाली फरशीवर बसले आणि सांगितलं. आधी चूक सांगितली, मग आकडा. म्हटलं, "यंत्रानं काही केलं नाही बाबा. मी चुकले. पाणी का उभं आहे हे तुम्ही विचारलंत, तेच मी दोन महिन्यांपूर्वी विचारायला हवं होतं. रंग आपोआप फिरला. तुम्ही पाहिलं ते खरं होतं. तुमचं डोकं माझ्यापेक्षा ठीक आहे."

मला वाटलं खूश होतील. मला, खरं सांगायचं तर, वाटलं की माझ्या डोक्यावर हात ठेवतील. त्यांनी हातातली यादी उलटी करून मांडीवर ठेवली.

"म्हणजे पैलवानानं काही टाकलं नव्हतं," ते म्हणाले.

"नाही."

"आणि मी दोन महिने त्याला मनातून चोर ठरवलं. तू म्हणालीस कोणीतरी टाकलं असणार. तिथे आम्ही दोघंच. मी टाकलं नव्हतं. मग मीच डोळा लागून पडलो असेन आणि तेवढ्यात त्यानं, असं धरून चाललो. त्याचा फोन आला की अंगावर काटा यायचा. इतकी वर्षं माझ्या तोंडावर हसत होता, असं वाटायचं."

दर रविवारी सकाळी शांतता मिळते म्हणून मी खूश होते, हे त्यांना सांगायचं धाडस झालं नाही. इथे लिहिते.

"त्याच्याकडे जायचंय मला," बाबा म्हणाले. "फोनवर नाही. समोर बसून सांगायचंय."

"काय सांगणार? त्याला कुठे काय माहीत आहे?"

"म्हणून काय झालं. मला माहीत आहे ना."

१८ जानेवारी, रविवार

जाऊन आलो. बसनं अडीच तास. बाबांनी सकाळी सहालाच बूट घातले होते.

पैलवान मुला-सुनेबरोबर राहतो, वरच्या मजल्यावर जिन्यालगतची खोली. सत्त्याहत्तर वर्षांचा, अजून काडीच. बाबांना बघून आधी शिव्याच घातल्या. "मेलास की काय वाटलं. दोन महिने झोपतोस काय रविवारचा?" मला म्हणाला, "ये पोरी, बस. तू फार वाळलीस." त्याच्याकडून हे ऐकणं म्हणजे कमाल.

सुनेनं चहा आणून ठेवला आणि ती खाली गेली. बाबांनी कपाला हात लावला नाही. सरळ सांगायला सुरुवात केली. मुलीनं हिशोब केला, तो चुकला, त्यावरून मी तुझ्यावर संशय घेतला, तुझे फोन टाळले. आता कळलं की रंग आपोआपच फिरला होता. तुझी माफी मागायला आलोय. सगळं एका दमात, शाळेत पाठांतर म्हणावं तसं. पैलवान फरशीकडे बघत ऐकत राहिला. मला वाटलं, दुखावला. वाटलं, हे आज तुटलं, आणि माझ्यामुळे तुटलं.

मग त्यानं बाबांना विचारलं, "तू तेव्हा खरंच तिथे होतास?"

"होतो म्हणून तर सांगितलं."

"सगळा वेळ?"

"सगळा वेळ. तू बादल्या धूत होतास, मी कट्ट्यावर बसलो होतो."

पैलवानानं माझ्याकडे पाहिलं. "आणि तू म्हणतेस, काही न टाकता होतं तसं? चार दिवसांत?"

मी सांगितलं, होतं. पाणीच ते करतं. त्यानं परत विचारलं, मी परत सांगितलं. आकडाही सांगितला, त्याचा त्याला काही उपयोग नव्हता तरी.

त्यानं दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "एक बादली मी धुतली की नाही, ते मला आजपर्यंत आठवलेलं नाही," तो म्हणाला. "आम्लाची बादली. त्याच बादलीनं मी हौदात पाणी ओतलं असणार, अशी माझी खात्रीच होती. साहेबानं बोलावलं तेव्हा मी कबूल करायलाच निघालो होतो. आणि हा पुढे झाला. मला वाटलं, हा माणूस जन्मात कधी खोटं बोलला नाही, आणि आज माझ्या पोराबाळांसाठी बोलला."



"अडतीस वर्षं," पैलवान म्हणाला. "अडतीस वर्षं मी ते अंगावर घेऊन जगलो रे. मुलांना वाढवलं, हे घर झालं, प्रत्येक वेळी मनात यायचं, हे चोरीचं आहे. तुझ्या खोट्यावर उभं आहे. तुला कधी बोललो नाही, म्हटलं तुला लाज वाटेल. आणि तू खरंच बोलत होतास?"

"अरे गाढवा," बाबा म्हणाले, "विचारायचंस तरी एकदा." दोघं म्हातारे समोरासमोर बसून रडत होते आणि मी चहाचे कप उगाच इकडचे तिकडे करत होते. मीही रडत होते. मी एका लेखासाठी उदाहरण शोधायला निघाले होते.

थोड्या वेळानं पैलवानानं सदऱ्यानंच तोंड पुसलं. म्हणाला, "म्हणजे इतकी वर्षं दर रविवारी मी फुकटच फोन केले."

"आता बंद कर मग," बाबा म्हणाले.

"बघतो. सवय लागली आहे."

निघताना तो आम्हाला सोडायला थांब्यापर्यंत आला, नको नको म्हणताना. बाबांना खिडकीची जागा मिळाली. बस सुरू झाली तरी पैलवान खाली उभा, खिडकीच्या गजाला धरून. "असं तासाभरासाठी येऊ नकोस पुढच्या वेळी," तो म्हणाला. "चार दिवस राहायला ये. खोलीत दोन खाटा मावतात. फेब्रुवारीच्या एक तारखेला ये, पोरगा आणि सून परगावी चाललेत, मी एकटाच आहे."

बाबांनी माझ्याकडे वळून पाहिलं. इतका सरळ चेहरा त्यांना कसा ठेवता आला, कोण जाणे.

"एक तारखेला मला कुठे जायचं होतं का गं? माझ्या काही लक्षात नाही."

"कुठेच नाही, बाबा," मी म्हटलं.